डावीकडचं दार

"अंगठ्यानं दाब गं. मांजर कुरवाळल्यासारखं काय करायलीस?"

मी गाडीत डावीकडच्या सीटवर वाकडी बसले होते आणि दाराच्या आतल्या हँडलमागची गोल चकती दोन्ही अंगठ्यांनी दाराकडे रेटत होते. चकतीमागे स्प्रिंग होती. मी जरा सैल सोडलं की चकती पुन्हा पुढे यायची. ती पुरेशी आत गेली की हँडलच्या मानेत आरपार बसवलेली बारीक पिन दिसायची. पिन निघाली की हँडल सुटतं, हँडल सुटलं की रेक्झिनचा पुठ्ठा सोडवता येतो आणि पुठ्ठा निघाला की दाराच्या पोटातला खटका दिसतो, हे बाबांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं.

"दिसली का?"

"दिसली."

"मग तशीच धर. श्वास सोडलास तरी चालेल."

त्यांनी गोणी शिवायच्या दाभणाचं टोक पिनेवर टेकवलं आणि मुठीवर तळहाताने हलकेच ठोकलं. तिसऱ्या वेळी दाभण सटकलं आणि पुठ्ठ्यावर लांब ओरखडा उठला. बाबांनी ओरखड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"तू घे दाभण," ते म्हणाले. "चकती मी दाबतो. दाबायला डोळे लागत नाहीत."

आम्ही जागा बदलल्या. ते सीटवर बसले, मी बाहेर मातीत गुडघे टेकले. पिन माझ्या दुसऱ्याच ठोक्याला निघाली आणि बाबांच्या मांडीवर पडली. अर्ध्या आगकाडीएवढी असेल. त्यांनी ती खिशातल्या सुया उचलायच्या लोहचुंबकाला चिकटवली आणि म्हणाले, "बघितलंस? दोन माणसांचं काम. एकट्याला फार जड जातं हे."

२००५ सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार होता. मी पुण्याहून चार दिवसांसाठी गडहिंग्लजला आले होते. बाबा, एकनाथ पोरे, गावातले शिलाई मशीनचे मिस्त्री. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत, शेवग्याखाली, ही करड्या रंगाची जुनी मॉरिस गाडी. डॉक्टर हत्तरकी मुलाकडे परदेशी कायमचे गेले तेव्हा ती बाबांच्या हवाली करून गेले होते. "एकनाथ, हिला चालती ठेवणारा तूच एक आहेस," असं म्हणून. बाबांनी ती चालती ठेवलीही. गाडीची म्हणून वेगळी हत्यारं त्यांच्याकडे कधीच नव्हती. पाने होते ते कुणी ट्रॅक्टरवाला मागून घेऊन गेला, ते परत आले नाहीत. उरली ती मशीनची पेटी. बोटाएवढे दोन स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, दाभण, तेलाची पितळी कुपी, मेण लावलेला दोरा. त्यांवर बाबा सगळं निभावून न्यायचे.

फक्त हे दार सोडून.

"काय चाललंय दोघांचं?" आई सोप्यात, घराच्या ओसरीवर, सुपात शेंगा घेऊन बसली होती. "सोळा वर्षांनी मुहूर्त लागला म्हणायचा."

"लागला," बाबा म्हणाले.

"गावातल्या झाडून सगळ्या मशिनी नीट करायच्या, आणि घरच्या गाडीचं एक दार होईना."

"पार्ट मिळत नव्हता."

"आता कुठून मिळाला?"

बाबा हसले. "शोधलाय."

"तुम्ही ते दार सोन्याचं करा. मी काही त्यात बसायची नाही."

सुपातली एक शेंग फुटल्याचा आवाज आला.

आई त्या गाडीत सोळा वर्षं बसली नव्हती. १९८९ च्या जूनमध्ये मला सांगलीच्या हॉस्टेलातून घरी आणताना तवंदीच्या घाटात एका वळणावर डावीकडचं दार उघडलं आणि मी रस्त्यावर पडले. चढ होता, गाडी हळू होती, मागून काही येत नव्हतं. खांद्याचं हाड मोडलं, डावा हात कोपरापासून सोलवटला, एवढ्यावर निभावलं. बाबांनी निपाणीच्या दवाखान्यातच सांगून टाकलं, "दाराचा खटका झिजला होता. मी आधी बघायला पाहिजे होता. चूक माझी." आईने तो शब्द उचलला आणि पुन्हा कधी खाली ठेवला नाही.

तेव्हापासून ते दार आतून उघडत नसे. डावीकडे जो बसेल त्याच्यासाठी बाबा गाडी थांबवून, वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडून उभे राहायचे. बाजारपेठेत लोक हसायचे. "मिस्त्री अगदी साहेबाचे ड्रायव्हर झाले की ओ!" बाबा मान तुकवून म्हणायचे, "उतरा, सरकार." नेसरीला मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही गेलो तेव्हा बाबा आणि मी गाडीत होतो आणि मागून त्याच रस्त्याने येणाऱ्या एस.टी.त आई होती. बाबा सगळा रस्ता आरशात बघत होते.

बाबांनी दुखरे अंगठे चोळून बोटं मोकळी केली. मग विचारलं, "उजू, पुण्यात एकटीला करमतं का गं?"

"करमतं की. लायब्ररीत दिवस जातो. संध्याकाळी वाचते."

"तसं नाही. बरं वाटतं का? आतनं?"

बाबा असं काही विचारत नसत. मी म्हटलं, "हो बाबा. बरंय माझं."

"मग आता हे दार करायला हरकत नाही."

"माझ्या करमण्याचा आणि दाराचा काय संबंध?"

"तसा काही नाही," ते म्हणाले आणि उगाच हँडल हातात घेऊन जोखू लागले. "पुठ्ठा मात्र तूच काढ. आत काय आहे ते तुझं तुला दिसेल. लिहिलेलं असतंय."

ही त्यांची जुनी पद्धत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणाखाली, जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही अशा जागी, ते पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये काडी बुडवून तारीख आणि केलेलं काम लिहीत. 'शटल बदललं.' 'दातरी घासली.' दुसऱ्या मिस्त्र्याने चुकीचं काही केलेलं दिसलं तरी ते तेवढंच लिहीत, नावं ठेवत नसत. "पुढच्याला कळायला पाहिजे," ते म्हणायचे. "आपण काय इथंच बसणार आहोत?"

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, इतक्यात फाटकातून गल्लीत शिलाई करणारी शमाबी आली. डोक्यावरचा पदर सावरत, धापा टाकत.

"मामा, मशीन टाके सोडायलंय बघा. आठ ब्लाउज पडलेत, उद्या हळद आहे त्यांची. नवरी माझ्या घरात येऊन बसलीय."

"नवरी बसलीय?"

"आणि तिची आई उभी आहे. ते जास्त वाईट."

बाबा हसत उठले. पायातल्या मुंग्या जाईपर्यंत दाराला धरून उभे राहिले. पेटी उचलून मला म्हणाले, "राहू दे आता. उद्या करू." मग फाटकापाशी थांबून पुन्हा म्हणाले, "उद्या नक्की."

रात्रीच्या जेवणाला ते परत आले तेव्हा नवरीच्या आईची नक्कल करून दाखवत होते. आईसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी त्यांना चहा द्यायला दुकानात गेले. ते स्टुलावर बसलेले होते, समोर उघडी मशीन होती आणि कपाळ मशीनच्या चाकाला टेकलेलं होतं. एका हातात काडी होती. पेंटची डबी उघडी होती. मशीनच्या आत त्या दिवसाची तारीख लिहून झाली होती. तिच्यापुढची, कामाची जागा कोरी होती.

*

त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असायचं. येणारी प्रत्येक बाई आईजवळ बसायची आणि आई प्रत्येकीला बाबांबद्दल सांगायची. कुणाचं मशीन फुकट करून दिलं, कुणाच्या पोरीला धंद्याला लावलं. सांगता सांगता ती शेवटी एका जागी येऊन थांबायची.

"देवासारखा माणूस. पण त्या एका दारापुरतं मी त्यांना माफ केलं नाही. करताच आलं नाही. माझी पोर गेली असती. आणि नंतर तरी? नुसतं उद्या करू, उद्या करू. जाताना पण दार तसंच ठेवून गेले."

मी भिंतीशी बसून ऐकायची. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवायचं.

पंधराव्या दिवशी पाहुणे पांगले. आईने मला सकाळीच सांगितलं, "ती गाडी ने इथनं. बेळगावचा कोण तो जुन्या गाड्या जमवणारा, त्याला फोन कर. मला ती डोळ्यासमोर नको."

मी फोन केला. ते गृहस्थ बाबांना ओळखत होते. हळहळले. रविवारी येतो म्हणाले. "चारी दारं चालतात ना हो?" त्यांनी विचारलं.

"चालतात," मी म्हटलं. मग मशीनची पेटी घेऊन शेवग्याखाली गेले.

पुठ्ठा कडेने स्क्रूंनी बसवला होता. लहान स्क्रू ड्रायव्हर खाचेत पुरा बसत नव्हता, म्हणून मी रबराचा तुकडा मध्ये धरून तो फिरवला. हे बाबांचंच. एकेक स्क्रू काढून तेलाच्या कुपीच्या झाकणात ठेवला. खाली दोन स्क्रू फार घट्ट आवळलेले होते. त्यांवर तेलाचा थेंब सोडून थांबले. आई सोप्यातून बघत होती. अखेर पुठ्ठा हातात आला. आत गंज असेल, धूळ असेल, काहीतरी तुटून पडलेलं असेल अशी माझी कल्पना होती.

आत सगळं स्वच्छ होतं. खटक्यावर तेलाचा तवंग होता. त्याचे दात मी बोटाने चाचपले. धारदार होते, एकही झिजलेला नव्हता. हँडलपासून खटक्यापर्यंत जाणारी सळई होती, पण खटक्याकडचं तिचं टोक मोकळं होतं. ते मोडलं नव्हतं, कापलेलं नव्हतं. कुणीतरी ते सोडवून वर उचललं होतं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दाराच्या आडव्या पट्टीला बांधून ठेवलं होतं. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. ती गाठ मी जन्मभर बघत आले होते. गाठीशेजारी कापडाची इवलीशी पुरचुंडी होती. तिच्यात सळई अडकवायची क्लिप होती, परत लावता यावी म्हणून जपून ठेवलेली.

बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं.

१३-६-८९
खटका ठीक. दात ठीक.
सळई सोडली.
ए. पो.

त्याखाली, कमीजास्त पिवळ्या पडलेल्या रंगात, दर दोन-तीन वर्षांनी एक तारीख आणि एकच शब्द होता. 'तेल.' 'तेल.' 'तेल.' शेवटचा त्या जानेवारीतला.

मी घाटात पडले ती अकरा जून होती. तेराला मी अजून निपाणीच्या दवाखान्यात होते. बाबा दुपारी थोडा वेळ दिसले नव्हते, ते मला आठवलं.

मी पत्र्याला टेकून मातीत बसले.

सांगलीला मी डॉक्टर व्हायला गेले होते. पहिल्याच वर्षी नापास झाले, दुसऱ्यांदाही झाले आणि मग खोलीतून बाहेर पडेनाशी झाले. जेवण सुटलं. हॉस्टेलच्या बाईंनी घरी कळवलं. बाबा आणि आई मला न्यायला आले. कुणी रागावलं नाही. बाबांनी माझी ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवली. रस्ताभर ते उसाबद्दल बोलत होते, कुठला कधी तुटणार. आई मागच्या सीटवर वळकटीला टेकून पेंगत होती. घाट आला. घाटापलीकडे संकेश्वर, मग गडहिंग्लज, मग गल्ली, मग सोप्यात विचारायला उभी असलेली माणसं. मला मरायचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. मला घरी पोचायचं नव्हतं. त्याच्या पलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. मी हँडल खाली दाबलं.

दवाखान्यात डोळे मिटून पडले असताना बाहेर बाबा आईला खटक्याचं सांगत होते ते मी ऐकलं. मला वाटलं, बाबांना खरंच तसं वाटतंय. आणि मला सुटल्यासारखं झालं. ते खाटेशी येऊन बसले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "थोडं." त्या सुटकेवर मी सोळा वर्षं जगले. शिकले, नोकरी धरली, पुस्तकांत रमले. आणि बाजारात, लग्नात, दवाखान्यात, जिथं जिथं गाडी थांबली तिथं तिथं बाबा उतरून वळसा घालून आले आणि मला दार उघडून दिलं. मी उतरले. एकदाही वर त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही.

पुठ्ठा काढ म्हणण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, आतनं बरं वाटतं का.

मी दोरा कापला नाही. नखाने गाठ सोडवली, सळई खटक्याला अडकवली, चिमट्याने क्लिप बसवली. हँडल नुसतं खोचून फिरवून पाहिलं. खटका मागे सरला. कामाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग पुठ्ठा जागेवर लावून सगळे स्क्रू आवळले. लिहिलेलं झाकलं गेलं. रविवारी गाडी बेळगावला गेली असती आणि ते पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलं नसतं, हे मला स्क्रू आवळताना कळत होतं. मी एकही स्क्रू सैल ठेवला नाही, हेही सांगायला हवं.

राहिली पिन. ती दुकानात टेबलावर चुंबकाला चिकटलेली होती, बाबांनी ठेवली तशी. मी चकती एका हाताने दाबायची आणि दुसऱ्याने पिन घालायची खटपट केली. चकती उसळायची. गुडघ्याने दाबून पाहिली. पिन दोनदा मातीत पडली, दोनदा शोधली.

"काय होईना?" आईने सोप्यातून विचारलं.

"दोन हात कमी पडतात. जरा येतेस का?"

"मी?"

"चकती दाबायला."

ती उठली, चपला घालून आली, दाराशी उभी राहिली. उभ्याने हात नीट पोचेना. तिने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग साडीचा घोळ आवरून ती आत बसली. बसताना तिने पुढच्या फळीला घट्ट धरलं होतं, गाडी चालू असल्यासारखं.

"सीट बदलली नाही अजून," ती म्हणाली. "टोचते तशीच. कुठं दाबू?"

"इथं. अंगठ्यानं."

"अशी?"

"अजून जोरात."

"अगं, म्हातारी आहे मी." पण तिचे अंगठे शेंगा फोडून घट्ट झालेले होते. चकती सपाट आत गेली आणि तिथेच राहिली. मी पिन भोकात ठेवली, दाभणाच्या मुठीने ठोकली. बसली.

आईने हात काढले. हँडलकडे बघत राहिली. "झालं?"

"झालं."

"बंद कर दार. बघू दे मला."

मी बाहेरून दार लावलं. मधल्या काचेवर शेवग्याची पानं दिसत होती आणि त्यांच्या मागे आईचं कोरं कपाळ. तिने हँडलवर हात ठेवला, जरा थांबली आणि खाली दाबलं. खटका सरकला. दार उघडलं.

ती उतरली नाही. पाय बाहेर टाकून तशीच बसली. "नवा पार्ट कुठला घातलास?"

"कुठलाच नाही."

"म्हणजे?"

"पार्ट लागत नव्हता, आई."

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "लागतच नव्हता? एवढंसं काम? तासाभराचं?" आवाज चढला आणि मध्येच फुटला. "सोळा वर्षं मी त्या एस.टी.च्या धुळीतनं... आणि ह्यांनी नुसता आळस केला? नुसता आळस, उजू?"

पुठ्ठ्यावर बाबांच्या हातून उठलेला ओरखडा तिच्या गुडघ्याशेजारी होता. मी तिच्यासमोर मातीत बसले, त्या रविवारी बसले होते तिथेच. दाभण अजून माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"आळस नव्हता गं," मी म्हटलं. "हे कधी झिजलंच नव्हतं. आई, त्या दिवशी घाटात दार आपोआप उघडलं नाही. मी उघडलं. हँडल धरून, मुद्दाम. आणि बाबांना ते माहीत होतं."